मॅन्युअल गाडी शिकायची तर आधी फक्त डावा पाय तयार करा

तुमची अडचण मला समजली ती अशी, की क्लास पूर्ण झाला, लायसन्स हातात आलं, मॅन्युअल गाडीही घरात आहे, पण सिग्नल हिरवा झाला की निघताना गाडी बंद पडते, चढावर थांबायची वेळ आली आणि मागे कुणी चिकटून उभं राहिलं की घाम फुटतो, आणि आता घरचे म्हणायला लागलेत की सोड हा नाद, ऑटोमॅटिक घे. ऑटोमॅटिक घ्यायला काहीच हरकत नाही, चांगल्या असतात त्या गाड्या, पण या कारणासाठी घेऊ नका. ही अडचण फार छोटी आहे, फक्त ती जिथे आहे तिथे कुणी बोट ठेवलेलं नाही. मी बरीच वर्षं लोकांना गाडी शिकवतोय आणि माझ्याकडे येणाऱ्यांत अगदी कोऱ्या लोकांपेक्षा तुमच्यासारखेच जास्त असतात, म्हणजे क्लास केलेले, नियम पाठ असलेले, स्टेअरिंगवर हात बसलेला, पण क्लच म्हणजे नक्की काय चाललंय हे कधी न कळलेले. त्याचं एक कारण असं आहे की क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो, तुमचा पाय चुकला की तो हळूच त्याचा पेडल दाबतो, गाडी बंद पडत नाही, आणि तुम्हाला वाटतं की जमलं आपल्याला. मग स्वतःच्या गाडीत बसलात की तो दुसरा पाय नसतो.

म्हणून सगळ्यात आधी क्लच काय करतो ते नीट समजून घ्या, यात पाच मिनिटं गेली तरी चालतील. इंजिन चालू राहायला त्याला किमान एका वेगाने फिरत राहावंच लागतं, साधारण मिनिटाला ७०० ते ९०० फेरे, त्याच्या खाली ओढलं गेलं की ते धडधडतं आणि बंद पडतं. चाकं मात्र गाडी उभी असताना अजिबात फिरत नसतात. आता एक गोष्ट ८०० ने फिरतेय आणि दुसरी शून्यावर आहे, या दोघांना एकदम जोडलं तर एकच होऊ शकतं, गचका बसतो आणि इंजिन मरतं. दोघांच्या मध्ये क्लच प्लेट असते. पेडल पूर्ण दाबलं की प्लेट मोकळी, इंजिनचा चाकांशी संबंध तुटलेला. पेडल पूर्ण सोडलं की प्रेशर प्लेट तिला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चकतीवर, घट्ट दाबून धरते, दोघं एकजीव. आणि या दोन टोकांच्या मध्ये एक छोटासा पट्टा असतो जिथे प्लेट घासत घासत थोडी थोडी ताकद पुढे देते. दोन तळवे एकमेकांवर ठेवून एक फिरवा, हलकं दाबलं तर दुसरा थोडा ओढला जातो, जोरात दाबलं तर सोबत फिरायला लागतो, हेच तिथे चाललेलं असतं. या पट्ट्यालाच आपण हाफ क्लच म्हणतो, कुणी बाईट पॉइंट म्हणतं.

आता खरा मुद्दा, आणि हा आकड्यांत बघितला की डोक्यात पक्का बसतो. पहिल्या गिअरचं प्रमाण साधारण साडेतीनास एक असतं, पुढे डिफरन्शिअलमध्ये (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या शेवटच्या गिअरांच्या संचात) अजून साधारण चारास एक, म्हणजे इंजिनचे १४ फेरे झाले की चाकाचा १ होतो (गाडीगणिक थोडं इकडेतिकडे). इंजिन ८०० वर असेल तर चाक मिनिटाला ५७ फेरे घेणार, चाकाचा घेर १.९ मीटर धरला तर मिनिटाला १०८ मीटर, म्हणजे ताशी साधारण साडेसहा किलोमीटर. भराभर चालणाऱ्या माणसाचा वेग हा. याचा अर्थ असा की रेस न देता पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडलेला असेल तर गाडी ताशी साडेसहाने चालते, आणि त्याहून कमी वेग असताना तुम्ही क्लच पूर्ण सोडलात तर इंजिनला ८०० च्या खाली खेचताय. म्हणजे क्लचचं सगळं काम शून्यापासून ते साडेसहापर्यंत, बस. साधारण दोन-तीन सेकंदांचं काम. तेवढा वेळ पाय त्या पट्ट्यात थांबला पाहिजे, त्यानंतर क्लच कसाही सोडा, फारसा फरक पडत नाही.

आणि नव्वद टक्के लोक चुकतात ते इथेच. मी बाजूच्या सीटवर बसून रस्त्याकडे कमी आणि शिकणाऱ्याच्या डाव्या गुडघ्याकडे जास्त बघतो. काय होतं की पाय हळूहळू वर येतो, अगदी छान, इंजिनचा आवाज थोडा जड होतो, बोनेट किंचित वर उचलल्यासारखं होतं, गाडी वीतभर पुढे सरकते, आणि त्या क्षणी मेंदू सांगतो की निघाली गाडी, झालं काम, आणि गुडघा टुणकन वर उडतो. गाडी तेव्हा ताशी एक-दोन किलोमीटरवर असते, साडेसहावर पोचलेलीच नसते. मग एक हिसका, दुसरा हिसका, आणि बंद. माणसाला वाटतं की आपण क्लच जोरात सोडला, म्हणून पुढच्या वेळी तो सुरुवातीपासूनच अजून हळू सोडतो, तिथे हळू सोडायची गरजच नव्हती, आणि परत शेवटी तोच गुडघा उडतो. म्हणजे मेहनत चुकीच्या ठिकाणी चाललीय. खालून हाफ क्लचपर्यंत पाय बऱ्यापैकी पटकन आणला तरी चालतो कारण तिथपर्यंत काही जोडलेलंच नसतं. पाय थांबवायचा तो गाडी हलल्यानंतर. एवढं एक वाक्य घेऊन गेलात तरी तुमची गाडी बंद पडणं निम्म्याने कमी होईल.

आता सराव कसा करायचा. त्याआधी सीट. हे लोक घाईत सोडून देतात आणि मग महिनोन्महिने त्रास काढतात. क्लच पार खालपर्यंत दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, पाय ताणून, कंबर सरकवून दाबावा लागत असेल तर सीट लांब आहे. टाच जमिनीला टेकत असेल तर उत्तमच, हाफ क्लचच्या पट्ट्यात घोट्यातून पाय हलवता येतो आणि घोट्यावर ताबा मांडीपेक्षा खूप चांगला असतो. पाठ सीटला टेकवून हात समोर सरळ केला तर मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. पातळ तळाचे बूट घाला, चपला-स्लीपर नको, आणि पायाखालची मॅट सरकून पेडलच्या खाली जात नाही ना ते बघा. मॅट अडकून क्लच पूर्ण दाबला जात नाही आणि मग गिअर करकरतात, असं मी खूपदा पाहिलंय.

जागा शोधा सपाट, मोकळी, रिकामी. खरोखर सपाट, बाटली आडवी ठेवली तर घरंगळणार नाही इतकी. आणि पहिला सराव असा, की ॲक्सिलरेटरला हातच (म्हणजे पायच) लावायचा नाही. उजवा पाय ब्रेकवर तरंगत ठेवा. क्लच पूर्ण दाबा, गाडी सुरू करा, पहिला गिअर टाका, हँडब्रेक खाली. आता डावा पाय वर आणत जा आणि कान इंजिनकडे ठेवा. आवाज जड होईल, सीटमध्ये आणि स्टेअरिंगला हलकी थरथर येईल, गाडी सुटायला बघेल. तिथे पाय थांबवा. पूर्ण थांबवा, जसा आहे तसा. गाडी हलेल, वेग घेईल, एक दोन तीन मोजा, आवाज परत मोकळा होईल, मग उरलेला क्लच सोडा. गाडी स्वतःच्या ताकदीने चालत राहील, तो वेग जरा अनुभवा, स्टेअरिंग फिरवून बघा. मग क्लच दाबा, ब्रेक दाबा, थांबा. परत करा. आणि परत करा. कंटाळा येईपर्यंत करा, कारण कंटाळा आला याचा अर्थ पायाने ते काम डोक्याकडून स्वतःकडे घेतलं.

रेस न देता गाडी निघेल का अशी शंका बऱ्याच लोकांना असते. सपाटीवर निघते. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो, इंजिनवर भार आला की तो आपणहून थोडं जास्त इंधन देऊन फेरे सावरून धरतो. डिझेल गाडीत खालच्या फेऱ्यांना जोर जास्त म्हणून ती तर अगदी आरामात निघते, छोट्या पेट्रोल इंजिनला थोडा जास्त संयम लागतो. कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर तिथे मात्र थोडी रेस द्यावीच लागते. पण शिकताना रेस बाजूला ठेवण्याचं कारण वेगळं आहे, रेस दिली की ती चुका झाकते. तुमचा क्लच कसाही सुटला तरी भरपूर रेसवर गाडी निघते, ओरडत निघते पण निघते, आणि डाव्या पायाला काहीच शिकायला मिळत नाही.

हे जमलं की दुसरा सराव, याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. गाडी पुढे न्यायची पण वीतभरच. हाफ क्लचवर आणा, हलली की क्लच परत दाबा, ब्रेकने थांबवा. परत वीतभर. असं वीतवीत करत पंधरावीस मीटर जा. मग तसंच रिव्हर्समध्ये. इथे तुम्हाला कळेल की क्लच हा काही चालू-बंद करायचा स्विच नाही, एक-दोन सेंटिमीटरच्या पट्ट्यात तुम्ही गाडीचा वेग मुंगीच्या चालीपर्यंत खाली आणू शकता. खच्चून भरलेला ट्रॅफिक, पार्किंगमधली शेवटची चार बोटं, अरुंद फाटकातून गाडी काढणं, हे सगळं या एका सरावावर चालतं. ज्याचा हा सराव पक्का, त्याला पुढे रस्त्यावर क्लचचा विचारच करावा लागत नाही.

आता रेस जोडा. क्लच हाफला आणता आणता उजव्या पायाने रेस इतकीच द्यायची की इंजिनच्या फेऱ्यांचा काटा बाराशे-पंधराशेला यावा, कानाला इंजिन किंचित जागं झाल्यासारखं वाटावं. घाबरलेला माणूस इथे तीन हजारांपर्यंत रेस देतो, कारण बंद पडण्याची भीती डोक्यात बसलेली असते. त्यात प्लेट एका बाजूने तीन हजाराने फिरणारं इंजिन आणि दुसऱ्या बाजूने जवळजवळ थांबलेली चाकं यांच्यात भरडली जाते, जेवढा फरक जास्त आणि जेवढा वेळ जास्त तेवढी उष्णता जास्त. जळका, नाकात जाणारा वास आला तर तो क्लचचा आहे. लगेच बाजूला थांबा, दहा-पंधरा मिनिटं निवू द्या, तसंच रेटत राहू नका.

यावरून आठवलं, "हाफ क्लच करू नको, क्लच जळेल" हे वाक्य शिकणाऱ्याला सगळीकडून ऐकायला मिळतं आणि त्यानेच निम्मे लोक बिघडतात. निघताना दोन-तीन सेकंद हाफ क्लच करणं हे क्लचचं कामच आहे, त्यासाठीच तो बनवलाय, त्याची भीती बाळगून पाय लवकर सोडायला जाल तर गाडी बंद पडणारच. क्लच खराब होतो तो दोन सवयींनी. एक म्हणजे चढावर सिग्नलला ब्रेक न लावता हाफ क्लचवरच गाडी तोलून धरणं, काही लोकांना यात कौशल्य वाटतं, पण तो सगळा वेळ प्लेट घासतेय. दुसरी म्हणजे गाडी चालवताना डावा पाय पेडलवर विसावून ठेवणं. पायाचं नुसतं वजनही रिलीज बेअरिंगला (पेडल दाबलं की प्लेट मोकळी करणाऱ्या बेअरिंगला) पुरतं, ते कायम फिरत राहतं, झिजतं, आणि पेडल जरा जास्त दबलं तर प्लेटही थोडी सुटून घसरते. गिअर बदलून झाला की पाय पेडलवरून काढून शेजारच्या मोकळ्या जागेवर ठेवा. सिग्नलला जास्त वेळ थांबायचं असेल तर न्यूट्रल करा आणि क्लच सोडून द्या.

आता चढ. ज्याला सपाटीवर हाफ क्लच कळला त्याला चढावर नवीन असं काहीच शिकायचं नसतं, फक्त गाडीला मागे ओढणारं वजन असतं आणि पाय तीन पेडलांना दोनच असतात, एवढाच प्रश्न. म्हणून तिसरा पाय म्हणून हँडब्रेक वापरायचा. गाडी थांबली की हँडब्रेक ओढा, पूर्ण. आता ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी जागची हलणार नाही, त्यामुळे धांदल करायचं कारण संपलं. पहिला गिअर, रेस पंधराशेच्या आसपास, चढ जास्त असेल तर थोडी अजून, आणि क्लच हाफवर आणा. इथे गाडी तुम्हाला स्पष्ट सांगते, पुढचं तोंड वर उचलू बघतं, आवाज जड होतो, गाडी हँडब्रेकशी झटतेय हे कळतं. हे होईपर्यंत हँडब्रेक सोडायचाच नाही. झालं की दोन्ही पाय जिथे आहेत तिथेच ठेवा आणि फक्त हँडब्रेक बटण दाबून खाली करा. गाडी मागे जाणार नाही, उलट पुढे सरकेल, मग थोडी रेस वाढवत आणि नेहमीसारखा साडेसहाचा हिशोब लक्षात ठेवून क्लच सोडा. लोक चुकतात ते दोन ठिकाणी, एकतर क्लच हाफवर यायच्या आधीच घाईने हँडब्रेक सोडतात, नाहीतर हँडब्रेक सोडताना हाताबरोबर डावा पायही सुटतो. दुसरी चूक घालवायला हँडब्रेक न सोडता नुसतं हाफवर आणायचं, तोंड उचललं की परत क्लच दाबायचा, असं चार-पाच वेळा करा, मध्ये क्लचला थोडी उसंत द्या.

हलका चढ असेल तर हँडब्रेकचीही गरज नसते. उजवा पाय ब्रेकवर असतानाच डावा हाफवर आणा, आवाज पडला की ब्रेकवरचा पाय रेसवर न्या, मधल्या क्षणभर क्लच गाडी धरून ठेवतो. बऱ्याच नव्या गाड्यांत हिल होल्ड असतो, ब्रेक सोडल्यावरही साधारण दोन सेकंद तो गाडी धरून ठेवतो. चांगली सोय आहे, वापरा, पण हँडब्रेकची पद्धत एकदा शिकूनच घ्या, उद्या दुसऱ्याची गाडी चालवायची वेळ आली तर अडायला नको. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाडीत बहुतेक वेळा तो निघताना आपोआप सुटतो, तुमच्या गाडीत कसं आहे ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत बघून रिकाम्या जागेत आधी करून पाहा.

आणि मागे सरकली तर? तर ब्रेक. एवढंच उत्तर, दुसरं काहीही नाही. रेस वाढवणं नाही, क्लच पटकन सोडणं नाही. उजवा पाय ब्रेकवर, गाडी थांबली, हँडब्रेक, पुन्हा पहिल्यापासून. चढावर गाडी बंद पडली तरी तेच, ब्रेक दाबून धरा, क्लच दाबा, परत सुरू करा. फक्त एक लक्षात ठेवा, इंजिन बंद असताना ब्रेक सारखा दाबू-सोडू नका. ब्रेकला जी मदत मिळते ती इंजिनच्या व्हॅक्यूमची, ती साठवलेली असते पण दोन-तीन वेळा दाबलं की संपते आणि पेडल दगडासारखं कडक होतं. एकदाच दाबा आणि धरून ठेवा.

बंद पडण्याबद्दल अजून थोडं, कारण तुमची खरी भीती तीच दिसतेय. गाडी बंद पडणं ही तीन-चार सेकंदांची गोष्ट आहे. ब्रेक, क्लच, स्टार्ट, निघा. रिकाम्या मैदानात मुद्दाम क्लच सोडून गाडी बंद पाडा आणि ही चार कामं ओळीने करा, पुन्हा बंद पाडा, पुन्हा करा. मी हे प्रत्येकाकडून करून घेतो. ज्याने मुद्दाम गाडी बंद पाडून सुरू केलीय त्याला सिग्नलला मागच्याने हॉर्न मारला तरी काय करायचं ते हातापायांना माहीत असतं, तो किल्ली शोधत बसत नाही आणि घाईघाईत परत बंदही पाडत नाही. हॉर्न मारणाऱ्याला हॉर्न मारू द्या, तुमच्या गाडीचा क्लच त्याच्या पायाखाली नाहीये.

गिअर बदलायचं म्हणाल तर त्यात क्लचपेक्षा हाताचीच गडबड जास्त होते. निघाल्यावर ताशी पंधरा-वीसला दुसरा, तीसच्या आसपास तिसरा, पंचेचाळीसला चौथा, साठच्या पुढे पाचवा असं ढोबळ धरा, पण महिन्याभरात काट्याकडे न बघता आवाजावर बदलायला शिका, डिझेलमध्ये थोडं लवकर बदललं तरी चालतं. बघण्यासारखी गोष्ट अशी की गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये सोडून दिला तर स्प्रिंगमुळे तो आपोआप मधल्या रांगेत येऊन उभा राहतो, तिसऱ्या आणि चौथ्याच्या रांगेत. इंजिन बंद करून, क्लच दाबून, हाताने हे करून बघा. म्हणजे दुसऱ्यातून तिसरा टाकायचा असेल तर दांडा वर न्यूट्रलला आणा, बोटं क्षणभर सैल सोडा, तो स्वतः मध्ये येईल, आणि सरळ वर ढकला. मूठ आवळून दांडा ओढत नेणारा माणूस कधी पहिल्यात घुसतो, कधी पाचव्यात. तळहाताने ढकला, पकडू नका. यातली एक चूक महागात पडते, जोरात जाताना पाचव्यातून चौथा टाकायला जाऊन दुसरा पडणं. तेव्हा चाकंच इंजिनला फिरवतात, काटा लालच्या पार पुढे जातो आणि रेव्ह लिमिटर (इंजिनचे फेरे मर्यादेत ठेवणारी सोय) काही करू शकत नाही कारण तो फक्त इंधन तोडतो, चाकांना थांबवत नाही. म्हणून खाली येताना हात सैल आणि क्लच सोडताना हळू, दांडा चुकला असेल तर आवाज चढायला लागतो तेव्हाच कळतं आणि क्लच परत दाबता येतो.

तसं बघितलं तर आज आपल्याला हे खूपच सोपं करून मिळालंय. कॅडिलॅकने १९२८ साली सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे फेरे आपोआप जुळवणारी रचना, आणलं, त्याच्या आधी गिअर बदलायचा म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनचे फेरे जुळवायचे, परत क्लच दाबून गिअर, असा डबल क्लच करावा लागायचा आणि जुळलं नाही तर दातांवर दात करकरायचे. आता ते जुळवायचं काम गिअरबॉक्स आतल्या आत करतो. रिव्हर्सला मात्र बऱ्याच गाड्यांत आजही ही सोय नसते, म्हणून गाडी पूर्ण थांबू द्या, क्लच दाबून एक-दोन सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. पडत नसेल तर जोर लावू नका, न्यूट्रल करून क्लच एकदा सोडा, परत दाबा, परत टाका, दात थोडे सरकलेले असतात, जातो आत.

थांबताना सगळेच नवशिके आधी क्लच दाबतात. ही सवय पक्की व्हायच्या आत मोडा. क्लच दाबला की गाडी मोकळी सुटते, इंजिनचा जो रोध मिळत होता तो गेला, उतार असेल तर उलट वेग वाढतो. आधी ब्रेक, वेग कमी होऊ द्या, आणि गाडी थरथरायच्या बेतात आली की क्लच. दुसऱ्या गिअरमध्ये ती वेळ ताशी अकरा-बारावर येते, तोच मघाचा हिशोब, प्रमाण साडेतीनाऐवजी दोन धरून करून बघा. एकदम कुणी आडवं आलं तर हा सगळा विचार सोडून द्या, ब्रेक पूर्ण ताकदीने आणि क्लच दोन्ही एकत्र, आणि क्लच राहिला तरी हरकत नाही, गाडी बंद पडली तर पडली.

लांब उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं असं सांगणारे भेटतील, त्यांचं अजिबात ऐकू नका. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला की इंधन जवळजवळ पूर्ण बंद होतं, चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला इंधन जाळावंच लागतं. आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात, फार तापले की पेडल दाबूनही गाडी थांबायला तयार नसते. ज्या गिअरने चढलो असतो साधारण त्याच गिअरने उतरायचं, ब्रेक मधूनमधून, सलग नाही.

रस्त्यावर परत कधी जायचं? मैदानात हाफ क्लचचा, वीतभर सरकण्याचा आणि चढाचा सराव न अडखळता व्हायला लागला की. पहिले काही दिवस सकाळी लवकर जा, ओळखीचाच एक रस्ता धरा ज्यात दोन-तीन सिग्नल आणि एखादा हलका चढ असेल, आणि रोज तोच करा. रोज अर्धा तास हा रविवारच्या सलग चार तासांपेक्षा कितीतरी चांगला, पाय दमला की क्लचवरचा ताबा सुटतो. बाजूला कोण बसवायचं हेही बघून ठरवा. घरातला सगळ्यात चांगला ड्रायव्हर निवडायची गरज नाही, जो ओरडत नाही तो निवडा. त्याला आधीच सांगून ठेवा की सूचना वेळेआधी दे, "पुढच्या सिग्नलनंतर डावीकडे घ्यायचंय" असं, आणि गाडी बंद पडली तर गप्प बस. "क्लच क्लच क्लच!" असं कानाशी कुणी ओरडलं की शिकणारा माणूस तिन्ही पेडल एकदम दाबायला जातो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की बाजूला बसणाऱ्याला मी वेगळं शिकवतो.

शेवटी गाडी लावताना, मॅन्युअल गाडी नुसत्या हँडब्रेकवर सोडू नका, गिअरमध्ये ठेवा. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स, आणि उतारावर पुढची चाकं थोडी अशी वळवून ठेवा की सुटलीच तर गाडी रस्त्यात न येता कडेला जाऊन अडेल. आणि दुसऱ्या दिवशी बसल्यावर किल्लीला हात लावायच्या आधी क्लच पूर्ण दाबून दांडा न्यूट्रलला आहे का ते हलवून बघा. काही गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत, पण ज्या होतात त्या गिअरमध्ये सुरू केल्या तर हातभर पुढे उडी मारतात, आणि पुढे तेव्हा भिंत असू शकते किंवा एखादं माणूस.